ताईच्या पाठवणीला क्लॅरोनेट

९ नोव्हेंबर, रविवार

बेव्हर्ली पार्कला वरात. गुजराती पार्टी, नवरदेव घोडीवर, घोडी आमच्या मास्तरांपेक्षा शांत. मी पुढच्या रांगेत. मास्तर म्हणजे बँडचे मालक, त्यांचं दर वेळचं वाक्य : "तू उंच आहेस, ड्रेस तुला बसतो, म्हणून पुढे. फुंकायचं नाही."

फुंकून तरी काय होणार. माझ्या क्लॅरोनेटला रीडच नाही. रीडच्या जागी आइस्क्रीमची चपटी काडी कापून बसवलीय. लांबून सेम दिसते. पार्टीला अकरा माणसं कबूल केलेली असतात, खरे वाजवणारे सात. बाकी आम्ही डमी. सूर काढतात ते खारीचे परशा काका. त्यांच्या क्लॅरोनेटला माइक असतो, आवाज मागच्या ट्रॉलीवरच्या स्पीकरमधून येतो, आणि लोकांना वाटतं माझ्यातून येतोय. कारण गाल मी जास्त फुगवतो.

दोघीतिघींनी व्हिडिओ काढला. एक म्हणाली, क्या बजाता है यार.

घरी आलो तर ताई विचारते, "ओठ दुखतात का रे खूप?" हो म्हणालो. तिने वाटीत तूप आणून दिलं. लावलं. काय करणार.

११ नोव्हेंबर, मंगळ.

ताईची तारीख ठरली. १४ डिसेंबर. नालासोपाऱ्याची माणसं, चांगली वाटली. मुलगा कमी बोलतो, पोहे दोनदा घेतले.

सगळं चांगलं चाललेलं. मग आई बोलली. "आमचा सिद्धू बँडात मेन हाय. पाठवणी तोच वाजवणार बघा बहिणीची."

मुलाचे वडील एकदम खुश. "वा! भावाने वाजवत पाठवायची बहिणीला? हे आम्ही पहिल्यांदाच बघणार."

पाठवणी म्हणजे काय ते आईला माहीत नाही. म्हणजे आमच्या बँडची पाठवणी. नवरी गाडीकडे निघाली की ढोल बंद, ताशा बंद, ट्रम्पेटवाले टोप्या काढून बाजूला. फक्त एक क्लॅरोनेट. मास्तरांच्या वडिलांपासूनची धून आहे, चार ओळींची. सगळा मंडप गप्प असतो. डमीला लपायला ट्रॉलीच्या मागेच जागा.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय केलं? हसलो. कपबश्या उचलून आत नेल्या.

१२ नोव्हें.

सकाळी ठरवलं, आईला सांगून टाकायचं. गेलो तर ती फोनवर मामीला परभणीला तेच सांगत होती. "एकटा वाजवणार, हां मंग! बाकी समद्यांनी गप उभं राहायचं."

फोन संपायची वाट बघत होतो, तेवढ्यात खाली माझा दोस्त विकीचा हॉर्न. उत्तनला चल म्हणाला, अर्ध्या तासात येऊ. बोंबील वाळत घातलेले मैलभर. एका बोटीला रंग देत होते, त्यांना ब्रश मारू लागलो. का, ते माहीत नाही. निळा रंग होता. अंधार पडायच्या आत आलो.

सांगायचं राहिलं.

१४ नोव्हें., शुक्रवार

आज जे झालं ते लिहू का नको करत होतो.

आई दवाखान्यात ड्युटीला, ताई लॅबमध्ये. घरी मी आणि पप्पा. पप्पांची सगळी जिंदगी भांड्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकण्यात गेली, आता दोन्ही कान गेल्यातच जमा. मशीन लावलं तर शिट्टी वाजते म्हणून लावत नाहीत. मला खूण केली. वाजव.

मास्तरांनी क्लॅरोनेट सीझनभर घरीच ठेवायला दिलीय. काढली. मनात म्हणालो, पप्पांना कुठे ऐकू येणार आहे. गाल फुगवले, बोटं फिरवली, मान हलवली. एकदम वरातीतली ॲक्टिंग. पप्पा खुश. मांडीवर ताल धरला, त्यांचाच कुठलातरी.

मग ते उठून जवळ आले आणि क्लॅरोनेटच्या खालच्या तोंडावर तळहात धरला.

मी बोटं हलवतच राहिलो. थांबायला पाहिजे होतं. त्यांचा हात तसाच. बऱ्याच वेळाने म्हणाले, मोठ्याने, त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही : "वारं येत न्हाई रे."

मी ओरडून सांगितलं, "रीड खराब आहे!"

"मंग नवी आण," म्हणाले. आणि टीव्ही लावला.

बारावीत दोनदा आपटलो, आयटीआय सोडलं, डिलिव्हरीचं काम गाडीसकट सोडून चार महिने गोव्यात पडून होतो. तेव्हा कधी असं वाटलं नाही. आज पप्पांच्या समोरून उठून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

१५ नोव्हें.

खारीला गेलो, परशा काकांकडे. अंगणात जाळीवर कोळंबी सोलत बसलेले. म्हटलं काका, शिकवा.

"कशाला रं? डमी शिकला का मास्तर मना घरी बसवंल. तू जवान, मी म्हातारा. माजी छाती किती दिस पुरनार हाय?"

मस्करी नव्हती ती. मी निघालो. गेटपर्यंत गेलो आणि परत येऊन सगळं सांगितलं, ताई, पाठवणी, आई काय बोलली ते. काकी आतून ऐकत होती. तीच म्हणाली, "अवो, बहिनीचा हाय. शिकवा पोऱ्याला."

काकांनी हातातली कोळंबी सोलून टाकली. मग, "रीड हाय का तुज्याकडं?"

काडी दाखवली. असे हसले की काकी बाहेर आली.

१८ नोव्हें., मंगळ.

रीड आली. ऑनलाइन मागवली. काकांनी सांगितलं होतं दोन नंबर घे. रीड पातळ-जाड अशी नंबरावर असते. मी बघितलं तर चार नंबरही होती. म्हटलं दोनपेक्षा चार चांगलीच असणार, मोठे वाजवणारे तीच घेत असणार. चार घेतली. डबीत दोन.

नवघरच्या मागे मिठागरात जाऊन बसलो. तिथे ऐकायला बगळे फक्त. फुंकलं. काही नाही. अजून जोर लावला. कानात दडे बसले, डोळ्यांपुढे चांदण्या. आवाज कसला, नुसता फुस्स. सायकलच्या पंपासारखा. मिठागरातला एक माणूस फावडं टेकून बघत उभा होता, म्हणाला, "पंक्चर हुआ क्या?"

काकांना फोन केला. "चार नंबर? अरे ती लाकडाची फळी हाय, रीड न्हाय. माज्या छातीला पन अडीच लागतं."

१९ नोव्हें.

पप्पांना रीड दाखवली, जाड आहे अशी खूण केली. त्यांनी कपाटावरून पॉलिश पेपर काढला, काच मागितली, काचेवर रीड ठेवून घासायला बसले. तासभर. मध्येच उजेडात धरून बघायचे. टोक असं पातळ केलं की पलीकडचं दिसायला लागलं. एवढ्या मनापासून बसलेले बघून बरं वाटत होतं. मग म्हणाले अजून एक हात मारतो, आणि ती उभी चिरली.

"मालच हलका," म्हणाले. दुसरी मी लपवून ठेवली.

दोन नंबर मागवल्या.

२२ नोव्हें., शनि.

गुरुवारी नाही गेलो. काल पण नाही. आज पण नाही. खारीच्या मैदानात ओव्हरआर्म क्रिकेटची टुर्नामेंट चालू आहे. पाच मिनिटं बघू म्हणून गेलो नि तीन दिवस स्कोअर लिहायला बसलो. त्यांचा माणूस आला नव्हता. वडापाव त्यांच्याकडून.

क्लॅरोनेट पिशवीत पायाशी होती. पूर्ण वेळ.

घरी आलो तर शेजारची भाभी जिन्यात. "सिद्धू, दीदी की शादी में तू ही बजाएगा ना? मैं तो रो दूँगी, अभी से बोलती हूँ."

२४ नोव्हें.

दोन नंबर बसवली. मिठागर. आवाज आला! पण कसा, म्हशीला ठसका लागल्यासारखा. आणि एकच सूर. खालची भोकं बंद केली की परत फुस्स. दुसरी रीड लावली, तेच. तिसरी, तेच. रीडला शिव्या घातल्या. डबीच फेकणार होतो पाण्यात.

मग मनगटाला गार लागलं. वारा नव्हता. परत फुंकलं, परत गार. क्लॅरोनेटच्या मधूनच हवा जात होती. भोकांवर चाव्या असतात, त्यांच्या खाली छोट्या गाद्या. बघितलं तर गाद्या आहेत कुठे! दोन नाहीतच, एक उंदराने खाल्ल्यासारखी. डमीची क्लॅरोनेट. ती वाजावी असं कोणाच्या मनातच नव्हतं.

मी आठवडाभर रीडच्या मागे.

काकांना सांगितलं तर ते पण ओशाळले. "मना पयला बगाया पायजे होता." त्यांच्याकडच्या जुन्या गाद्या काढून दिल्या. एक कमी पडली, तिथे जुन्या पाकिटाचं चामडं कापून चिकटवलं. सांध्याला प्लंबरची पांढरी टेप.

२६ नोव्हें., बुध.

खालचे सगळे सूर आले.

लिहायला दुसरं काही नाही. परत एकदा लिहितो. खालचे सगळे आले. सा वाजला तेव्हा दातांत गुदगुल्या झाल्या. कोणी सांगितलंच नव्हतं की ते दातांत कळतं.

पाठवणीच्या पहिल्या दोन ओळी खालच्याच आहेत. काकांनी बोटं दाखवली. तिसरी ओळ वर चढते.

२९ नोव्हें., शनिवार

मीरा रोडच्या हॉलला ऑर्डर. आणि समोर ताई! तिच्या लॅबमधल्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न होतं, मला माहीतच नव्हतं. मैत्रिणी चौघीपाचजणी. "हाच का तुझा भाऊ? स्टेटसवाला?"

वरात हॉलपाशी थांबली, ब्रेक झाला. ताई त्यांना घेऊन आली. एवढी आनंदात. "सिद्धू, एकदाच वाजव ना रे यांच्यासाठी. थोडंसं."

क्लॅरोनेटला परत काडी लावलेली होती. ऑर्डरला मास्तर रीड लावूच देत नाहीत, कोण कधी चुकून फुंकेल म्हणून. मी म्हटलं आत्ता नाही, मास्तर ओरडतील. एक मैत्रीण म्हणाली, "मग आम्हाला सेल्फी तरी," आणि ताईने माझ्या हातातून क्लॅरोनेट घेतली. ओठाला लावायची पोज दिली.

आणि तिला काडी दिसली. तिच्यावर अजून आइस्क्रीमवाल्याची अर्धी अक्षरं आहेत. ती ताईने वाचली. मी तिला वाचताना बघितलं.

मैत्रीण म्हणाली, "ए, वाजव ना मग."

ताई म्हणाली, "नको गं. ओठ फुटलाय त्याचा. रात्रंदिवस वाजवतो ना."

अशी म्हणाली जसं खरंच आहे. आणि क्लॅरोनेट माझ्या हातात दिली, काडी माझ्याकडे वळवून, कुणाला दिसू नये अशी.

पुढची सगळी वरात मी गाल फुगवले.

३० नोव्हें.

ताई दिवसभर बोलली नाही. आईला वाटलं लग्नाचं टेन्शन. दुपारी माझा बँडचा ड्रेस इस्त्रीला पडलेला होता, दर वेळी तीच करते. आजही केली. कॉलर, पट्ट्या, सगळं. मी दारात उभा.

"कधीपासून?"

"सुरुवातीपासून."

"म्हणजे एकदाही नाही?"

"नाही."

इस्त्री उभी केली. "तूप लावायचास तू."

मी म्हटलं ताई, मी शिकतोय, खरंच, परशा काकांकडे, खालचे सगळे सूर येतात. ती म्हणाली, "तू गाडी शिकत होतास. तू इंग्लिश पण शिकत होतास."

खरं आहे.

मग म्हणाली, "आईला नको सांगूस, तिला नाही झेपणार आत्ता. मी सांगते तिकडे, भाऊ रडेल म्हणून वाजवणार नाही." मी म्हटलं, नाही, वाजवतो. तिने ड्रेस हँगरला लावला. "वाजव नाहीतर नको वाजवूस. पण माझ्या पाठवणीत ॲक्टिंग करू नकोस. तेवढं नको."

२ डिसेंबर

रोज मिठागर. सकाळी सातला. (लिहिलंय म्हणजे गेलोय.)

वर चढणं म्हणजे असं : खालच्या मजल्याचा शेवटचा सूर असतो, तेव्हा जवळपास सगळी भोकं उघडी. वरच्या मजल्याचा पहिला, तेव्हा सगळी बंद, आणि डाव्या अंगठ्याने मागची चावी दाबायची. सगळी बोटं एकदम पडली पाहिजेत. एक जरी केसभर उचललेलं राहिलं तर कोंबडा. कोंबडा म्हणजे तो जो चीं करून किंचाळतो. बँडमध्ये त्याला कोंबडाच म्हणतात.

आज कोंबडेच कोंबडे. बगळे पण उठून गेले.

४ डिसें.

काका आले मिठागरात, बांधावर बसले. त्यांच्या आज्याचं आगर होतं इथेच कुठे, आता बांध पण ओळखू येत नाही म्हणाले. ऐकत होते. "चावतंस तू."

"नाही चावत."

"वरचा सूर आला का घाबरतंस नि चावतंस. रीड हाय ती, बिस्कीट न्हाय. ओठ ढिला. पोटातून."

ओठ ढिला सोडला तर सूर पडतो. आवळला तर कोंबडा. दीड नंबरची रीड लावून बघितली, हलकी, वरचा सूर लगेच निघाला! पण बेसूर, लोळत होता, दारू प्यायल्यासारखा. काकांनी ती काढून खिशात घातली. "ही चोराची वाट. दोनच ठेव."

आज पाच वेळा बरोबर चढलो. पाच की सहा. बाकीचं मोजत नाही.

६ डिसें., शनि.

आईबरोबर दादरला. पांढरे कपडे, मेणबत्ती, रांग. आईला एक बाई भेटली पूर्वीच्या चाळीतली, तिला पण सांगितलं. बाई म्हणाली, पोरगा कलाकार निघाला, बरं झालं, लई भटकत होता म्हणे. आई म्हणाली, भटकू दे, भटकूनच सापडलं त्याला.

मी पुस्तकांच्या स्टॉलकडे सटकलो.

९ डिसें.

विकी म्हणाला माथेरान. नाही म्हणालो. नंतर परत फोन केला, हो म्हणालो. नंतर परत नाही. पण या सगळ्यात सकाळ गेली, मिठागर नाही झालं.

संध्याकाळी काकांनी स्वतःहून काढलं. "हे बग, मी ट्रॉलीच्या मागं उभा ऱ्हातू. माइक माज्याकडं. तू फुडं. कुनाला कलनार न्हाय, तुजी आय खुश, सासरची खुश."

नाही म्हणालो. लगेच म्हणालो. काका म्हणाले, बरं. मला वाटलं होतं ते अजून एकदा विचारतील.

११ डिसें., गुरु.

आज चढलो! सलग. तिसरी ओळ पूर्ण, चौथीत खाली उतरलो, सूर सुटला नाही. मिठागराचा तो फावडेवाला दोन्ही हात वर करून नाचला. ताईला सांगावंसं वाटलं. तिच्या हातावर मेंदी काढत होते, बायकांनी भरलेलं घर, आत जाता येईना. दारातून अंगठा दाखवला. तिने बघितलं. मेंदीचे हात, तिला काहीच दाखवता येईना. भुवया उडवल्या फक्त.

१३ डिसें.

सकाळी कोंबडा. परत कोंबडा. काल-परवा येत होतं ते गेलं कुठे? तीच रीड. की ती पण थकते? बदलली. नवी कडक लागते. परत जुनी. दुपारी मांडवाचं काम, खुर्च्या, पाण्याचे जार, डेकोरेटरचा माणूस आलाच नाही. खुर्च्या सगळ्या मीच उचलल्या.

चार वाजता काकांना फोन केला. म्हटलं, काका, उभे राहाल का मागे. लागलंच तर. नाहीतर नाही. फक्त लागलं तर.

काका म्हणाले, "ऱ्हातू."

फोन ठेवला आणि हलकं वाटलं. ते हलकं वाटलं ना, त्याचीच लाज वाटतेय. अजून आहे.

१५ डिसें., सोमवार

काल लग्न झालं. चांगलं झालं. बुद्धवंदना, हार, जेवण, सगळं वेळेवर. आईने नारिंगी साडी नेसली होती. पप्पांनी मशीन लावलं होतं, शिट्टी वाजत होती तरी काढलं नाही.

पाठवणी.

ढोल थांबला. ट्रम्पेटवाल्यांनी टोप्या काढल्या. मी पुढे. रीड दोन नंबर, जुनी. मास्तर बाजूला, काकांनी त्यांना आधीच तयार करून ठेवलेलं, त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, नक्की? हो म्हणालो. काका ट्रॉलीच्या मागे. माझ्या क्लॅरोनेटला पण माइक, पहिल्यांदाच.

पहिली ओळ आली. माझी. स्पीकरमधून माझाच आवाज येत होता, मला ओळखूच येईना. ताई आईच्या गळ्यात होती, तिने मान वर करून बघितलं. दुसरी ओळ आली. पहिलीपेक्षा बरी. भाभी रडायला लागली, बोलली होती तशी.

तिसरी. अंगठा टाकला, बोटं टाकली, आणि चावलं. कोंबडा. असा की समोरचं एक पोरगं दचकून आईला बिलगलं.

पुढचं मी ठरवलं नव्हतं. मागून काकांनी तोच सूर उचलला, वरचा, स्वच्छ, लोकांना वाटलं असणार रडू आलं म्हणून एक सूर फाटला आणि सावरला. मी क्लॅरोनेट खाली घ्यायला पाहिजे होती. किंवा परत फुंकायला. माझे गाल फुगले. बोटं चालू राहिली. मान हलली. तिसरी ओळ, चौथी ओळ, शेवटचा लांब सूर, सगळं ॲक्टिंग. ताईने एकच गोष्ट नको सांगितली होती.

ती गाडीत बसली. काच खाली होती. माझ्याकडे नव्हती बघत. माझ्या मागे, ट्रॉलीकडे बघत होती.

लोक मला मिठ्या मारत होते. मुलाचे वडील म्हणाले, "बेटा, तो एक सूर फाटला ना, तिथे मी संपलो." आईने सगळ्यांसमोर दृष्ट काढली. मी सगळं घेतलं. एक शब्द परत दिला नाही कुणाला.

काका कधी निघून गेले कळलं नाही.

१६ डिसें.

घरी कोणीच बोलत नाही पाठवणीशिवाय. पप्पा विचारतात, कसा होता आवाज? आई त्यांच्या कानात ओरडून सांगते.

खारीला गेलो नाही. काकांना काय तोंड दाखवू.

१७ डिसें., बुध.

ताईचा फोन. आईशी बोलली, मग म्हणाली सिद्धूला दे. मी गॅलरीत गेलो.

"त्यातलं किती तुझं होतं?"

"पहिल्या दोन ओळी."

मागे कुकर वाजत होता तिच्याकडे.

"आणि तो किंचाळला तो?"

"तो पण माझाच."

"तो कळला मला," म्हणाली. "तेवढाच ओळखला मी."

हसत होती की काय होतं, कळेना. मग म्हणाली रविवारी येतोय आम्ही दोघं, मांडवपरतणीला. "बाकीचं तेव्हा ऐकव. घरात. ट्रॉली नको."

मी म्हटलं बरं. तिने ठेवला.

१८ डिसें.

खारीला गेलो. काका म्हणाले, "मना वाटला तू थांबशील. मी एकच सूर घेनार होतू, तू परत घेशील म्हनून. तू घेतलाच न्हाय." रागावून नाही म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

नंतर तिसरी ओळ घेऊन बसलो दोघं.

२० डिसें., शनि.

काल मिठागरात गेलो. आज निघालो होतो. रस्त्यात टुर्नामेंटवाले भेटले, फायनल आहे, स्कोअरर नाही. एक ओव्हर लिहिली. मग वही त्यांच्या हातात देऊन निघालो. शिव्या घातल्या त्यांनी. ऊन चढलेलं तोपर्यंत.

दहा वेळा घेतलं. चढलो किती, पडलो किती, जवळजवळ सारखंच.

२१ डिसें., रविवार

आलेत. ताई, दाजी. आईने भाभीला पण बोलावलंय, खालच्या काकूंना पण, वरच्या मजल्यावरची दोन माणसं मी ओळखत पण नाही. सगळे सोफ्यावर, खाली, दारात. खीर खाऊन झाली. आई : "आता पाठवणीचं वाजव. तेच."

रीड तोंडात धरून ओली करायला लागते, तोपर्यंत बोलता येत नाही. म्हणून किचनच्या उंबऱ्यावर बसून हे लिहितोय. भाभीला वाटतंय मी सूर लिहून घेतोय. "देखो, कितना पढ़ के बजाता है."

दाजींनी मोबाइल काढला व्हिडिओला. ताईने त्यांचा हात खाली केला.

पप्पा मशीनचं बटण फिरवतायत. ओठ ढिला, पोटातून, एवढंच घोकतोय.

आई ओरडतेय, "काय लिहीत बसलास, लोक खोळंबलेत."

ताई समोरच बसलीय. तिने डोळे मिटून घेतलेत. नुसती बोटं हलवून आज भागणार नाही.